कॉइलिंग यशस्वी झालं, मग ताई बोलत का नाही?

नमस्कार. तुमचा प्रश्न लांब आहे आणि तो आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहिलाय हे वाचताना कळतं, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्या ४८ वर्षांच्या ताईला सहा दिवसांपूर्वी एकाएकी डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं दुखलं, उलटी झाली आणि ती कोसळली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटला होता. दुसऱ्या दिवशी कॉइलिंग झालं, म्हणजे आतून तार भरून तो फुगा बंद केला, आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन 'यशस्वी झालं' असं सांगितलं. ताई शुद्धीवर आली, तुम्हाला नावाने हाक मारली. पण काल संध्याकाळपासून ती पेंगुळलेली आहे, उजवा हात नीट उचलत नाही, तिला शब्द सापडत नाहीत. यशस्वी झालं होतं तर मग हे काय, कुणाची चूक झाली का आणि ती पूर्वीसारखी होण्याची शक्यता किती टक्के, असं तुम्ही विचारलंय. शिवाय शेवटी कंसात: मी सिगारेट ओढतो, मलाही स्कॅन करून घ्यावा लागेल का?

मी न्यूरोसर्जन आहे, वीसेक वर्षं हे पेशंट बघतोय. ताईचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिच्याबद्दल शेवटचा शब्द तिथल्या टीमचाच. पण काय घडत असावं आणि आम्ही त्याचा विचार कसा करतो, हे सांगता येईल.

सगळा घोळ 'यशस्वी' या शब्दाचा आहे. आम्ही तो फार सहज वापरतो. कॉइलिंग करून बाहेर आलेल्या डॉक्टरच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच असतो की फुगा बंद झाला, आता तो पुन्हा फुटण्याचा धोका जवळपास गेला. नातेवाइकांच्या कानावर मात्र 'पेशंट वाचला' असं पडतं. या दोन वाक्यांमध्ये साधारण दोन आठवड्यांचं अंतर आहे आणि तुमची ताई सध्या त्या अंतराच्या ऐन मध्यावर आहे.

फुगा बंद करायची घाई का असते? उघडा राहिला तर पहिल्या दोन आठवड्यांत साधारण पाचातल्या एकाचा तो पुन्हा फुटतो. सर्वांत जास्त धोका पहिल्या २४ तासांत, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत असतो. दुसऱ्यांदा फुटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात. म्हणून शक्यतो २४ तासांच्या आत तो बंद करायचा. कवटी उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप लावणं ही जुनी पद्धत, अमेरिकी न्यूरोसर्जन वॉल्टर डँडीने १९३७ मध्ये पहिली क्लिप लावली. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरणं हे कॉइलिंग, ते इटालियन डॉक्टर ग्युग्लिएल्मी यांच्या कॉइलमुळे १९९० नंतर रूढ झालं. २००२ साली २,१४३ पेशंटांचा आयसॅट नावाचा मोठा अभ्यास आला. ज्यांच्यात दोन्ही उपाय शक्य होते अशांमध्ये वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण कॉइल गटात सुमारे २४ टक्के आणि क्लिप गटात सुमारे ३१ टक्के होतं. म्हणून क्लिप बाद झाली असं नाही. फुग्याची जागा, मानेचा आकार, सोबत मेंदूत मोठी गुठळी आहे का, यावर ते ठरतं. तुमच्या ताईच्या बाबतीत तो निर्णय होऊन गेलाय, त्यात आता जीव अडकवू नका.

आता कालची संध्याकाळ. पाइप फुटल्याची उपमा सगळेच देतात, मीही देतो: पाइप बंद केला तरी घरात शिरलेलं पाणी तिथेच असतं. पण ही उपमा अर्धीच खरी आहे. पाणी नुसतं साचून राहतं. मेंदूभोवती सांडलेलं रक्त विघटित होऊ लागतं, त्यातून सुटणारी द्रव्यं रक्तवाहिन्यांना चिडवतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या आकसू लागतात. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास हे सर्वाधिक असतं, चौदाव्या दिवसानंतर सहसा ओसरतं. याला आम्ही स्पाझम म्हणतो. त्यामुळे, आणि इतर काही कारणांनी, मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडू लागलं की पेशंट पेंगतो, हात लुळा पडतो, बोलणं जातं. फुगा डावीकडे, अशक्तपणा उजव्या हातात आणि शब्द हरवलेले, हे चित्र त्यात बसतं. बहुतेकांमध्ये भाषेचं केंद्र डाव्या मेंदूत असतं.

बसतं म्हणालो, तेच आहे असं नाही म्हणालो. सहाव्या दिवशी पेशंट मंदावला की आम्ही स्पाझमचं नाव शेवटी घेतो. आधी सीटी काढून डोक्यात पाणी साचलंय का ते बघतो, कारण रक्तामुळे मेंदूतल्या द्रवाचा निचरा तुंबतो. असं अनेकांना होतं आणि त्यावर ड्रेन, म्हणजे ते पाणी बाहेर काढणारी नळी टाकणं हा सरळ उपाय आहे. रक्तातलं सोडियम बघतो, या आजारात ते अनेकदा घसरतं. फिट येऊन गेली का, किंवा शरीर न झटकता आतल्या आत फिट चालू आहे का, हे बघायला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी करतो. ताप, जंतुसंसर्ग, गुंगीचं औषध हेही तपासतो. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. स्पाझम स्पाझम म्हणत बसलं आणि खरं कारण तुंबलेलं पाणी निघालं, तर हातातले चार तास वाया जातात.

एक प्रसंग सांगतो. एका बाईंचा सातवा दिवस होता. रात्री दहाला मी तपासून 'हातपाय सारखे, बोलणं नीट' असं केसपेपरवर लिहून गेलो. साडेबाराला सिस्टरचा फोन आला: "सर, कूस बदलताना त्या डावा हात वापरत नाहीयेत. सांगितलं की उचलतात, पण आपणहून वापरत नाहीत." मी पुन्हा गेलो. दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला लावले, डोळे मिटायला सांगितले. दहा सेकंद काही नाही. मग डाव्या हाताची करंगळी किंचित वळली, तळवा हळूहळू आत फिरला आणि हात दोन बोटं खाली उतरला. एवढंच. सीटीत पाणी नव्हतं, अँजिओग्राफीत उजवीकडची वाहिनी बारीक झालेली दिसली. आम्ही बीपी वाढवायचं औषध सुरू केलं आणि पाऊण तासात तो हात दुसऱ्या हाताच्या रेषेत आला. सिस्टरने सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर त्या हाताचं काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो. पेशंट 'बरा दिसतोय' तरी आयसीयूत का ठेवलाय, याचं उत्तर ही सिस्टर आहे. यंत्रं सगळीकडे मिळतात.

इथे नातेवाइकांचा हमखास गोंधळ होतो. पहिल्या दिवशी ऐकलेलं असतं की बीपी वाढू द्यायचं नाही, वरचा आकडा १६० च्या खाली ठेवायचा. आणि सहाव्या दिवशी तेच डॉक्टर बीपी मुद्दाम १८० वर नेतात! फुगा उघडा होता तेव्हा जास्त बीपी म्हणजे पुन्हा फुटण्याची भीती होती. आता आकसलेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला दाब लागतो, आणि तो देता येतो कारण फुगा बंद आहे. म्हणजे त्या 'यशस्वी' कॉइलिंगचा खरा उपयोग तुम्हाला आज होतोय. दाब वाढवूनही फरक पडला नाही तर पुन्हा अँजिओग्राफी करून वाहिनीत थेट औषध सोडतात किंवा बलूनने ती रुंद करतात. सलाइनचा भडिमार करायची पद्धत मात्र मागे पडली, कारण त्याने फुफ्फुसांत पाणी होतं आणि मेंदूला विशेष लाभ होत नाही. शरीरातलं पाणी बरोबर तेवढंच ठेवायचं, कमी नाही, जास्त नाही. आणि सोडियम घसरलं म्हणून पाणी तोडायचं तर मुळीच नाही. इतर आजारांत ते करतात, इथे त्याने स्ट्रोक होऊ शकतो.

निमोडिपिनबद्दल विचारलं नाहीत, पण रात्री दोनला ताईला उठवून गोळी का देतात असा राग कधीतरी येईलच. ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, २१ दिवस. १९८९ मध्ये ५५४ पेशंटांवरच्या ब्रिटिश चाचणीत या गोळीने मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं. गंमत अशी की अँजिओग्राफीत दिसणारा स्पाझम ती फारसा कमी करत नाही, तरी पेशंट सुधारतात. उलट क्लाझोसेंटान नावाच्या औषधाने वाहिन्या छान रुंद झाल्या, पण पेशंटांची अवस्था काही सुधारली नाही. आकसलेल्या मोठ्या वाहिन्या म्हणजेच सगळा आजार, हे आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो, आणि ते पुरेसं नव्हतं. अतिसूक्ष्म वाहिन्यांत होणाऱ्या गुठळ्या, मेंदूवरून पसरत जाणाऱ्या विद्युत लाटा असं बरंच काही त्यात आहे. अँजिओग्राफीत निम्म्याहून जास्त पेशंटांच्या वाहिन्या बारीक दिसतात, पण त्रास होतो तो साधारण तीनातल्या एकाला. मॅग्नेशियम आणि कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांवरही फार आशा होती, मोठ्या चाचण्यांत दोन्ही निष्फळ ठरली. त्यामुळे कुणी 'अमुक इंजेक्शन बाहेरून आणा, त्याने नक्की फरक पडेल' म्हणालं तर आधी टीमला विचारा. अलीकडची आशादायक गोष्ट साधी आहे: पाठीच्या मणक्यातून बारीक नळी टाकून रक्तमिश्रित द्रव हळूहळू काढणं. २०२३ साली आलेल्या २८७ पेशंटांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर वाईट अवस्थेत असलेल्यांचं प्रमाण त्यामुळे सुमारे ४५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं. ही नळी प्रत्येकाला चालत नाही, मेंदूत दाब असमान असेल तर धोक्याची ठरते, पण 'ताईसाठी या नळीचा विचार झाला का' हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

चूक कुणाची, याचं उत्तर यात आलंच. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी ही कुणाची चूक वाटत नाही, हा त्या आजाराचा ठरलेला दुसरा टप्पा आहे. तो येऊ शकतो हे तुम्हाला पहिल्या दिवशी नीट सांगितलं नसेल तर ती तक्रार रास्त आहे. मीसुद्धा पूर्वी सांगत नसे. घाबरलेल्या माणसाला आणखी कशाला घाबरवा, असं वाटायचं. मग सहाव्या दिवशी तेच लोक माझ्याकडे संशयाने बघायचे. आता मी पहिल्याच बोलण्यात 'चौदा दिवस' हा आकडा सांगून ठेवतो. आज संध्याकाळी टीम भेटेल तेव्हा विचारा: सीटीत पाणी किंवा नवा स्ट्रोक दिसला का, सोडियम किती आहे, बीपी कितीपर्यंत न्यायचं ठरलंय, आणि त्याने हात सुधारला नाही तर पुढची पायरी कोणती व ती किती तासांत. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

आता टक्के. सर्वसाधारण आकडे क्रूर आहेत. दहातला किमान एक जण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही, आणि पहिल्या महिन्यात जाणारे एकूण साधारण तिसरा हिस्सा असतात. पण या सरासरीत पहिल्या तासात गेलेली माणसं आहेत, आणि तुमची ताई त्यांच्यात नाही. पेशंट आल्यावर त्याची शुद्ध किती, वय किती, किती रक्त सांडलं, फुगा पुन्हा फुटला का, आणि या दोन आठवड्यांत मेंदूचा काही भाग मेला का, यावर ताई कुठे पोचेल ते ठरतं. यातलं पहिलं सर्वांत वजनदार. शुद्धीवरून आम्ही एक ते पाच अशी ग्रेड देतो. ताई कोसळली तरी नंतर जागी होऊन तिने तुम्हाला ओळखलं, ही फार जमेची बाजू आहे. आणि कालची लक्षणं आली म्हणजे नुकसान झालंच असं नाही. रक्त कमी पडणं आणि भाग मरणं यांच्यामध्ये काही तासांची खिडकी असते, सगळी धावपळ तिच्यासाठीच चालते.

तरीही मी टक्का देणार नाही, आणि का ते सांगतो. एका रात्री एक पेशंट ग्रेड पाचमध्ये आली, व्हेंटिलेटरवर, वेदनेला हात आखडून प्रतिसाद देणारी. मी तिच्या नवऱ्याला म्हणालो, फार आशा ठेवू नका. डोक्यात पाणी तुंबलं होतं म्हणून ड्रेन टाकला. सकाळी सात वाजता ती डोळे उघडून माझ्या बोटामागे नजर फिरवत होती. आठ महिन्यांनी ओपीडीत स्वतः चालत आली. नवऱ्याने मला माझं वाक्य आठवण करून दिलं नाही, पण ते आम्हा दोघांच्याही डोक्यात होतं. दुसरीकडे, डोकं दुखतंय म्हणून स्वतः चालत आलेला ग्रेड एकचा माणूस, कॉइलिंग उत्तम, आणि आठव्या दिवशी मोठा स्ट्रोक. म्हणून ग्रेड हल्ली ड्रेन टाकून, फिट आटोक्यात आणून मग बघायची असते. लवकर हार मानली की वाईट भाकीत आपोआप खरं ठरतं, कारण उपचार थांबलेले असतात. ग्रेड चार-पाचमध्येही नेटाने उपचार केले तर बरेच जण स्वतःच्या पायावर उभे राहतात. सगळे नाही. ज्यांच्या मेंदूचं नुकसान स्कॅनवर स्पष्ट आणि व्यापक असतं, तिथे थांबण्याची चर्चाही प्रामाणिकपणे करावी लागते, पण पहिल्या रात्री क्वचितच. टक्क्याचा प्रश्न तुम्ही चौदाव्या दिवसानंतर पुन्हा विचारा. तेव्हा उत्तराला अर्थ असेल.

'पूर्वीसारखी' या शब्दाकडे येतो. आमचं मोजमाप शून्य ते सहा अशा पट्टीवर असतं आणि दोनपर्यंत आलं की आम्ही कागदावर 'चांगला परिणाम' लिहितो. दोन म्हणजे स्वतःचं सगळं स्वतः करणारा, पण पूर्वीची सगळी कामं न जमणारा माणूस. एकाच्या बायकोने मला हे शिकवलं. तो ओपीडीत दहा मिनिटं झकास बोलला, हसला, मी 'उत्तम' लिहिलं. तो बाहेर गेल्यावर बाई दारात थांबली आणि म्हणाली, "सकाळी एकच फोन तीनदा केला यांनी. तिन्ही वेळा पहिल्यांदाच करतोय असं समजून." मेंदूच्या समोरच्या मधल्या फुग्यांमध्ये हे विशेष दिसतं: स्मरणशक्ती, स्वभाव, पुढाकार यांवर घाला. बाकीच्यांनाही प्रचंड थकवा येतो. झोपेने न जाणारा, सकाळी अकरालाच दिवस संपवणारा. गोंगाट सहन होत नाही, चिडचिड होते, उदास वाटतं, पुन्हा फुटेल ही भीती राहते. बाहेरून काही दिसत नसल्यामुळे लोक 'आता तर बरी झालीस' म्हणतात. सुधारणा मात्र सहा महिन्यांवर थांबत नाही, वर्षभर आणि त्याहूनही पुढे चालू राहते. स्पीच थेरपी आणि फिजिओथेरपी आयसीयूतून बाहेर पडायच्या आधीच सुरू झालेली बरी.

दोन गोष्टी सुटतात म्हणून सांगतो. नजर धूसर वाटत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यासमोर रक्त आहे का ते बघायला लावा. काही जणांना तसं होतं, पेशंट गुंगीत असल्याने कळत नाही, आणि त्यावर उपाय आहे. आणि घरी गेल्यावर काही आठवड्यांनी ती मंदावली, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, लघवीवर ताबा राहिला नाही, तर 'आजारपणाचा अशक्तपणा' म्हणून गप्प बसू नका. डोक्यात पुन्हा हळूहळू पाणी साचत असू शकतं. शंट, म्हणजे ते पाणी वळवणारी कायमची नळी, बसवल्यावर अशी माणसं पुष्कळ सुधारतात.

आज तिच्याजवळ गेलात की 'मी कोण, सांग बरं' असली परीक्षा घेऊ नका. शब्द अडलेल्या माणसाला ती फार छळते. एकेकाने, हळू, छोट्या वाक्यांत बोला आणि उत्तरासाठी थांबा. ड्रेन असेल तर पलंगाची उंची किंवा उशी स्वतःहून बदलू नका, त्याची पातळी कानाच्या रेषेत धरून लावलेली असते. आणि तिची एखादी सवय बदललेली दिसली, नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने केस मागे सारले, तरी सिस्टरना सांगा. तिचं 'नेहमीचं' तिथे फक्त तुम्हाला माहीत आहे.

राहिला कंसातला प्रश्न. घरात एकालाच हा आजार झाला असेल तर सख्ख्या भावंडांचा स्कॅन सरसकट करत नाहीत. सख्ख्या नात्यात दोघांना किंवा जास्त जणांना झाला असेल, किंवा घरात मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर करावा. प्रौढांमध्ये शंभरात सुमारे तिघांना न फुटलेला फुगा असतो आणि त्यांतले बहुतेक आयुष्यात कधीच फुटत नाहीत, त्यामुळे उगाच शोधून काढलेला फुगा नवी डोकेदुखी होऊन बसतो. आईवडिलांपैकी कुणी असंच अचानक गेलं होतं का ते घरात विचारा, मग ठरवू. बीपी मात्र या आठवड्यात मोजून घ्या. आणि सिगारेट: फुगा तयार व्हायला आणि फुटायला, दोन्हीला ती हातभार लावते, त्यासाठी स्कॅनची वाट बघायची गरज नाही. संध्याकाळी टीमने काय सांगितलं ते इथेच लिहा, रात्री राउंड आटोपला की बघतो.